भाताचे स्वाहिली शब्द आधी शिक

झांझिबारला चालली आहेस ना, मग तांदळापासूनच सुरुवात कर. आपल्यासारखीच तिथेही नावं बदलतात: शेतातली साळ म्हणजे म्पुंगा, दुकानातला तांदूळ म्चेले आणि ताटातला शिजलेला भात वाली. खानावळीत म्चेले मागू नकोस. ‘नाओंबा वाली’ म्हण.

नारळाच्या दुधातला भात तो वाली वा नाझी. नाझी म्हणजे नारळ, त्याचं दूध तुई. खोबरं खवायच्या बैठ्या खवणीला म्बुझी म्हणतात, आणि बकरीलाही म्बुझीच! पातेलं म्हणजे सुफुरिया. त्याच्या तळाशी लागलेली कुरकुरीत खरवड म्हणजे उकोको. मला तो शब्द फार आवडतो.

वहीत नुसते शब्द लिहू नकोस गं. रोज भात लावताना मोठ्याने म्हण: नापिका वाली, मी भात शिजवतेय.