त्रिपुरारी पौर्णिमेसाठी सोळा फुटी नाव दिव्यांनी कशी सजवावी?

त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री आपल्या गावात कृष्णेतून नावांची मिरवणूक निघणार आहे, आपली नाव वल्ह्यांची आणि १६ फूट लांब आहे, आणि तिच्यात घरचा इन्व्हर्टर ठेवून दिवाळीच्या माळा लावाव्यात का, असे आपण विचारले आहे. मी चिकोडी तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावात राहतो, वीजजोडणीचे काम हा माझा व्यवसाय आहे आणि आमच्या गावच्या नावा सजवण्याचे काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. इन्व्हर्टर कृपया नावेत नेऊच नका. तो बॅटरीची वीज २३० व्होल्टची करून देतो. ओल्या फळ्यांवर अनवाणी बसलेल्या माणसांमध्ये माळेच्या तारेचे वेष्टन एका जागी जरी खरचटले, तरी जीव जाऊ शकतो. काठावरच्या जनित्रापासून तार ओढण्याचा विचारही त्याच कारणाने सोडून द्यावा.

त्याऐवजी १२ व्होल्टवर चालणारी एलईडी पट्टी घ्या. ती ५ मीटरच्या गुंडाळीत मिळते आणि आपल्या नावेची एक बाजू जवळपास तेवढीच भरते, म्हणजे दोन गुंडाळ्या पुरेशा होतात. मीटरला ६० बारीक दिवे असलेली साधी पट्टी घेतल्यास एका गुंडाळीला साधारण २४ वॅट, म्हणजे २ अँपिअर वीज लागते. मोठ्या दिव्यांची पट्टी याच्या तिप्पट वीज खाते आणि नदीवर तिची गरज नसते. आपल्या भागात उसावर आणि भाजीपाल्यावर फवारणी करण्यासाठी बॅटरीचा पंप बहुतेक घरी असतो. त्यातली १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरायची असे धरले, तरी एक गुंडाळी सुमारे दोन तास उजेड देते. प्रत्येक बाजूला स्वतंत्र बॅटरी जोडा, म्हणजे एक बंद पडली तरी दुसरी बाजू उजळलेली राहील. बॅटरी जुनी असेल तर आदल्या दिवशी घरीच दोन तास दिवे लावून पाहा आणि मग ती पुन्हा पूर्ण भरून घ्या.

प्रत्येक बॅटरीच्या धन टोकाच्या अगदी जवळ ३ अँपिअरचा फ्यूज बसवा. व्होल्ट कमी असले तरी तारा एकमेकींना चिकटल्यास बॅटरी त्यांना आग लागेपर्यंत तापवू शकते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पट्टी आयपी ६७ दर्जाची, म्हणजे पाणी आत न शिरणारी, मागा आणि प्रत्येक जोड डाख देऊन, सिलिकॉन लावून बंद करा. मागचा चिकट कागद ओल्या लाकडावर टिकत नाही, म्हणून दर वीतभर अंतरावर नायलॉनच्या दोरीने बांधून घ्या.

आता सजावटीविषयी, आणि मला याच गोष्टीची सर्वांत अधिक कळकळ आहे. पहिल्या वर्षी मी नावेच्या मध्यावर वेळूच्या कामट्यांची सात फुटी कमान उभारून तिच्यावर आकाशकंदील टांगले होते. नदीच्या मध्यावर वारा लागताच नाव एका अंगावर कलू लागली आणि कमान कोयत्याने तोडून काढावी लागली. त्या दिवसापासून मी माणसाच्या खांद्यापेक्षा उंच काहीही बांधत नाही आणि बॅटऱ्या क्रेटमध्ये घालून नावेच्या तळाशी, मध्यावर बांधतो.

चोर्ला घाट उतरून गेल्यावर गोव्यातल्या साखळी गावाच्या विठ्ठलापूरमध्ये वाळवंटी नदीवर याच रात्री सजवलेल्या नौका सोडतात. ते पाहण्यासाठी बेळगाव भागातून अनेक जण जातात. तिथे नौका घाटावरून जवळून दिसतात, त्यामुळे त्यांचे बारीक काम डोळ्यांत भरते. आपल्याकडे कृष्णेचे पात्र रुंद आहे. काठावरच्या माणसाला नावेची कड आणि पाण्यातले प्रतिबिंब एवढेच दिसते. म्हणून पट्टी फळीच्या बाहेरच्या अंगाला, वरच्या काठापासून वीतभर खाली बांधावी. पाण्यात दुसरी उजळ रेघ उमटते आणि वल्हे मारणाऱ्याचे डोळेही दिपत नाहीत. पौर्णिमा असल्याने चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि त्याच्या पांढऱ्या उजेडात पांढरे दिवे फिके पडतात. पिवळसर रंग निवडावा. लाल आणि हिरवा रंग कडेला लावू नये, कारण जलवाहतुकीत डावी बाजू लाल आणि उजवी हिरवी, असा त्यांचा ठरलेला अर्थ आहे. पणत्या हव्याच असतील, तर वाळू भरलेल्या परातीत पुढच्या टोकाला पाच ठेवा, बॅटऱ्यांपासून दूर.

प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट आणि नावाड्याजवळ एक विजेरी असावी. आदल्या संध्याकाळी नाव पाण्यात सोडून स्वतः पलीकडच्या काठावर उभे राहा. तिथून जे दिसत नाही, ते उतरवून ठेवा.