चित्रकार व्हायचे, पण परदेशी कधी जायचे?

सहकारनगरच्या एका आईने विचारले आहे : मुलगी बारावीत असून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत तिला ए ग्रेड आहे. चित्रकार रझांप्रमाणे पॅरिसला राहून चित्रे काढायची, असे तिने ठरवले आहे. बारावीनंतर लगेच पाठवण्यासाठी फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढावे का?

सप्रेम नमस्कार.

फ्लॅट तारण ठेवू नये. मुलीची निवड मला मुळीच गैर वाटत नाही; मात्र ज्यांचे उदाहरण ती देते, त्यांच्या आयुष्याचा क्रम तिने नीट पाहावा. सय्यद हैदर रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले तेव्हा ते २८ वर्षांचे होते, नागपूर आणि मुंबईत त्यांचे कलाशिक्षण झालेले होते. त्यांची चित्रे पाहून छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९४८ मध्येच काश्मिरात त्यांना रचनेतली उणीव दाखवून फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास करायला सुचवले होते. त्यामुळे पॅरिसला काय शिकायचे, हे त्यांना निघण्यापूर्वीच ठाऊक होते. तरीही फ्रेंच कलासमीक्षकांचा ‘प्री द ला क्रितीक’ पुरस्कार १९५६ मध्ये मिळाला, आणि आज ज्यावरून आपण त्यांना ओळखतो तो बिंदू चित्रांत ठळक व्हायला त्यानंतरही दोनेक दशके जावी लागली.

आपले अकोल्याचे चित्रकार अंबादास (त्यांचे नाव मुलांना कोणी सांगत नाही, हा आपला करंटेपणा) मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले, विणकर सेवा केंद्रात नोकरी केली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९७२ मध्ये, नॉर्वेत स्थायिक झाले.

तेव्हा मुलीने सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन पुण्यात टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालय किंवा मुंबईचे जे. जे. येथे रेखा व रंगकलेच्या पदवीसाठी प्रयत्न करावा आणि सोबत मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकावी. पॅरिसचा हट्ट असेल तर फ्रेंच. पण जर्मनीतील बहुतेक सरकारी कला अकादमींत शिक्षणशुल्क नसते आणि कलाशाखेच्या पदवीधरांसाठी ‘डाड’ (डीएएडी) या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेच्या शिष्यवृत्त्याही असतात. तेथे ग्रेडपेक्षा पोर्टफोलिओला, म्हणजे स्वतःच्या निवडक कामांच्या संचाला, महत्त्व असते. तिने घोटून स्वच्छ केलेली दहा निसर्गचित्रे पाठवण्यापेक्षा एकाच विषयाची, समजा मंडईतल्या सुरणाच्या ढिगाची, फसलेली, खोडलेली आणि पुन्हा मांडलेली रेखाटने पाठवावीत, कारण परीक्षकांना त्यातून तिची विचार करण्याची रीत दिसते.

उत्पन्नाबद्दल स्पष्ट लिहितो. चित्र विकले गेले तरी किमतीचा निम्म्याच्या आसपासचा वाटा अनेकदा गॅलरीकडे जातो, म्हणून कलाशिक्षण, बोधचित्रे किंवा वस्त्रसंकल्पन यांपैकी एखादे काम तिने पदवीच्या काळातच हाती घ्यावे. पदवीनंतर प्रवेश मिळाला आणि केवळ राहण्याखाण्याच्या खर्चाची तजवीज उरली, तर मर्यादित शैक्षणिक कर्जाचा विचार तेव्हा अवश्य करावा.