वाळवंटातल्या त्या तीन दिव्यांविषयी

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

जैसलमेरच्या वाळूत रात्री तुम्हा पाचजणांना जे दिसलं, ते काय होतं हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण तुझ्या पत्रातल्या एका वाक्याने मला काळजी वाटली. परतीच्या गाडीत सगळे त्याच विषयावर बोलत होतात आणि घरी पोचेपर्यंत ‘तीन दिव्यांचं’ ‘त्रिकोणी यान’ झालं होतं.

म्हणून आधी एवढं कर. प्रत्येकाला वेगवेगळं बसवून लिहायला आणि चित्र काढायला सांग. एकमेकांचं बघायचं नाही. आजी सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घे. ती ‘दिवे’ म्हणाली तर दिवेच लिही. दादा ‘यान’ म्हणाला तर तेही तसंच लिही, मात्र त्याला विचार: दिव्यांच्या मधल्या जागेत तारे दिसत होते का? दिसत असतील तर तिथे भरीव काही नव्हतं. काळ्या आभाळात तीन ठिपके सोबत सरकले की मन त्यांना आपसूक जोडतं.

‘प्रचंड होतं’, ‘अगदी जवळ होतं’ असं कुणी लिहिलं तर थांबव. वाळवंटात रात्री तुलनेला झाड नसतं, इमारत नसते. अंतर कळल्याशिवाय आकार कळत नाही. कोन मात्र मोजता येतो. हात सरळ लांब केला की मूठ साधारण १० अंश व्यापते, करंगळी १ अंश. दोन टोकांच्या दिव्यांमध्ये किती मुठी मावल्या असत्या, ते आठवून लिहा.

इतका आग्रह का, त्यासाठी अमेरिकेतल्या ॲरिझोनाचं उदाहरण बघ. १३ मार्च १९९७ च्या संध्याकाळी फिनिक्स आणि आसपासच्या वाळवंटी भागात असंख्य लोकांनी दिवे पाहिले. हेल-बॉप धूमकेतू बघायला कितीतरी कुटुंबं त्या दिवसांत अंगणात येत होती. साधारण आठ-साडेआठला दिव्यांची व्ही आकाराची रचना सरकत गेली. रात्री दहाच्या सुमाराला नारिंगी दिव्यांची रांग दिसली, जी एकेक करत मावळली. दहाचे दिवे म्हणजे लष्करी विमानांनी सरावात सोडलेले पॅराशूटवरचे प्रकाशगोळे होते. ते सिएरा एस्ट्रेला डोंगरामागे उतरत गेले. आधीची रचना एका हौशी निरीक्षकाने दुर्बिणीतून पाहिली, त्याला ती सुटी सुटी विमानं दिसली. पण लोकांच्या बोलण्यात दोन्ही घटनांची एकच झाली, आणि आजही दहाच्या चित्रफिती आठच्या घटनेचा पुरावा म्हणून दाखवतात. त्यात राज्यपाल फाइफ सिमिंग्टन यांनी पत्रकार परिषदेत सहायकाला परग्रहवासीयाचा वेश घालून आणलं आणि लोकांची थट्टा केली. २००७ मध्ये त्यांनीच सांगितलं की आपणही ते पाहिलं होतं! बाबांनी ‘विमान असेल’ म्हणत विषय संपवला, असं तू लिहितेस. बाबांचं बरोबर असूही शकेल. तरी आजीला हसू नका एवढं त्यांना सांग. हसण्याने साक्षीदार गप्प होतो आणि मग कुठलाच निष्कर्ष तपासता येत नाही.

तुमच्या बाबतीत मी तीन गोष्टी पडताळीन. त्या भागात पोखरणचं लष्करी सराव क्षेत्र आहे. तिथले प्रकाशगोळे नारिंगी दिसतील, तरंगत हळूहळू खाली येतील. इंटरनेट पुरवणारे स्टारलिंकचे उपग्रह पांढुरके असतात, एकाच वाटेने ओळीत जातात आणि पृथ्वीच्या सावलीत शिरले की भर आकाशात दिसेनासे होतात. तिसरं, कक्षेतून खाली येणारा रॉकेटचा भाग. २ एप्रिल २०२२ ला विदर्भाच्या आकाशात शेपटीवाले गोळे दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत धातूचं मोठं कडं पडलं, ते आठवतं ना? तो चिनी रॉकेटचा टप्पा असल्याचं जाणकारांनी कक्षेवरून ताडलं.

तिन्हींत बसलं नाही तर वहीत ‘ओळख पटली नाही’ असं लिही. ती जागा घाईने भरू नकोस, माझ्यासाठीही नाही.

तुमच्यासोबत होता त्या उंटवाल्याचा नंबर दादाकडे असेल. त्याला फोन कर. तो रोज रात्री त्याच आभाळाखाली असतो. आपलं काही आधी सांगू नकोस. त्या रात्री त्याला काय दिसलं, कुठल्या बाजूला, आणि एरवीही तसं दिसतं का, इतकंच विचार. चित्रं तारीख-वेळेसकट पाठव. त्या वेळी कोणते उपग्रह वरून जात होते, ते मी काढून ठेवतो.

तुझा,
काका