व्हिएतनामी जेवण मिळमिळीत असतं का? गल्लीतल्या खानावळीत काय खावं?

जानेवारीच्या शेवटी तुम्ही कुटुंबासह हनोई आणि सायगावला जाताय, तिथलं जेवण मिळमिळीत असतं असं ऐकलंय, घरातलं एक माणूस शाकाहारी आहे, आणि म्हणून आधीच भारतीय हॉटेलं शोधून ठेवावीत का, असं विचारलंय. माझं म्हणणं, नका ठेवू. मी नोकरीनिमित्त हनोईत राहते आणि दुपारचं जेवण बहुतेक वेळा फुटपाथवर, प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसूनच होतं. या शहरातलं सगळ्यात चांगलं अन्न तिथेच मिळतं, असं माझं ठाम मत आहे.

मिळमिळीत वाटतं त्याचं कारण साधं आहे. आपल्याकडे तिखट-मीठ-आंबट सगळं पातेल्यातच पडतं आणि ताटात आलेलं आपण तसंच खातो. इथे निम्मी चव टेबलावर ठेवलेली असते: लिंबाच्या फोडी, चिरलेली लाल मिरची, लसूण घातलेलं व्हिनेगर, मिरचीची चटणी, न्वोक माम म्हणजे मासळी आंबवून केलेला खारा रस, आणि ताज्या पाल्याची परडी. आधी रस्सा नुसता चाखा. मग लिंबू पिळा, मिरची टाका, पुन्हा चाखा. हे न करता वाडगा संपवणारा पाहुणा साहजिकच निराश होऊन उठतो.

दुसरं म्हणजे, चांगली खानावळ एकच पदार्थ करते आणि त्याची वेळ ठरलेली असते. फो, म्हणजे रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया, सकाळी खा. हाडं कित्येक तास मंद आचेवर उकळून रस्सा काढतात; त्यात चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलची, आणि निखाऱ्यावर भाजलेलं आलं नि कांदा. सगळा ओळखीचा मसाला, पण वाटून घातलेला नसतो, त्यामुळे रस्सा नितळ राहतो. हनोईचा फो साधा असतो: रस्सा, तांदळाच्या शेवया, मांस, कांद्याची पात. 1954 साली व्हिएतनामची फाळणी झाल्यावर उत्तरेतली लाखो माणसं दक्षिणेत गेली, त्यांच्याबरोबर फो सायगावात पसरला आणि तिथे त्याला तुळशीच्या जातीचा पाला, मोड आलेले मूग, गोडसर सॉस अशी जोड मिळाली. तुम्ही दोन्ही शहरांत जाताय, तर दोन्हीकडे खाऊन बघा. मला हनोईचाच आवडतो. गोमांस खात नसाल तर कोंबडीचा ‘फो गा’ मागा, आणि तोही फक्त फो गा विकणाऱ्या दुकानात, म्हणजे रस्साही कोंबडीचाच मिळेल.

दुपारी हनोईत बुन चा. कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस आंबटगोड रसात बुडवून येतं, शेजारी शेवया आणि पाल्याचा ढीग. 2016 साली बराक ओबामा आणि अमेरिकी शेफ, टीव्हीवरचा खाद्यभ्रमंतीकार अँथनी बोर्डेन हनोईतल्या ज्या साध्या खानावळीत जेवले, तिथे त्यांनी हेच खाल्लं. ती आता प्रसिद्ध आहे, पण दुपारी बाराच्या सुमाराला ज्या गल्लीत कोळशाचा धूर दिसेल तिथे शिरलात तरी चालेल.

मासे खाणाऱ्यांनी ‘चा का’ अजिबात चुकवू नये. हळद लावलेले माशाचे तुकडे टेबलावरच्या तव्यात परततात आणि त्यावर मूठमूठ शेपू नि कांद्याची पात टाकतात. हो, आपला शेपूच! घरात शेपूचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्यांनाही मी इथे दुसऱ्यांदा मागून घेताना पाहिलंय. वरून भाजलेले शेंगदाणे. सोबत कोळंबीची जांभळट, उग्र वासाची चटणी येते. ती नको वाटली तर न्वोक माम मागा.

सायगावात ‘कोम ताम’ खा. हा तांदळाच्या कणीचा भात. एकेकाळी गरिबाघरचं अन्न होतं, आता शहराची ओळख झालंय. वर भाजलेलं मांस, अंडं, काकडी, लोणचं. कणी शिजवून खाल्लेल्या आपल्या आजीआजोबांना हा भात लगेच कळला असता. हळद आणि नारळाचं दूध घातलेलं ‘बान्ह सेओ’ही तिथलंच म्हणायला हरकत नाही. आपल्या घावनासारखंच ते तव्यावर चुरचुरतं, पण आत कोळंबी नि मोड असतात आणि तुकडे पाल्यात गुंडाळून खातात.

शाकाहारी माणसासाठी मात्र नीट लक्ष द्या. साध्या खानावळीत परतलेल्या भाजीतही न्वोक माम असू शकतो, टोफूवरही. म्हणून पाटीवर ‘चाय’ हा शब्द शोधा, रोमन लिपीत सी-एच-ए-वाय. ही पूर्ण शाकाहारी दुकानं. इथले बरेच बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस खात नाहीत, त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला अशा दुकानांत गर्दी असते आणि पदार्थही जास्त मिळतात. मशरूम आणि टोफू घातलेला शाकाहारी फो खरोखर चांगला असतो.

पोटाची काळजी असेल तर गर्दीचं दुकान निवडा, जिथे रस्सा समोर उकळतोय. कच्चा पाला नाजूक पोटाला नको वाटला, तर गरम रश्श्यात बुडवून खा. चमचा आणि जेवायच्या काड्या (चॉपस्टिक्स) टेबलावरच्या डब्यात असतात. स्थानिक लोकही त्या कागदाने पुसूनच घेतात. पाकीटबंद ओला रुमाल ठेवला असेल तर तो वापरल्यास बहुधा बिलात लागतो. किमती भिंतीवर लिहिलेल्या असतात. रुपयाला साधारण 300 डोंग धरा. 50-60 हजार डोंगांत, म्हणजे दोनशे रुपयांच्या आत, वाडगाभर जेवण होतं.

तिकीट काढण्याआधी ‘तेत’ची, म्हणजे त्यांच्या नववर्षाची तारीख बघा. ती जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येते, आणि त्या दिवसांत बऱ्याच लहान खानावळी बंद असतात, कारण मालक गावी जातात. जमल्यास तेवढा आठवडा टाळा.