घोडी तीच, घोडा बदला

प्रश्न : कामठी रोडला आमच्याकडे वरातीच्या नऊ मारवाडी घोड्या आणि एक घोडा आहे. त्याच्या दोन मुली आता तीन वर्षांच्या झाल्यात. त्या त्याच्याकडूनच भरवल्या (गाभण करवल्या) तर रक्त शुद्ध राहतं, असं जुनी मंडळी म्हणतात. यंदा बाहेरून आणलेल्या दोन घोड्या मात्र उलटल्या (गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या). हा इनब्रीडिंगचाच, म्हणजे जवळच्या नात्यातल्या पैदाशीचाच परिणाम का?

उत्तर : मुलींना त्या घोड्यापासून लांब ठेवा. जात टिकवायला मारवाडी घोडा लागतो, तो बापच असायला हवा असं कुठे आहे?

शिंगरू किती इनब्रेड ठरेल, हा हिशेब घरीच करता येतो. वडील आणि आई यांना जोडणाऱ्या वाटेवरची जनावरं मोजायची, दोघांना धरून, आणि तितक्या वेळा निम्मं करायचं. बाप-लेकीच्या वाटेवर दोनच जनावरं, म्हणून १/४, म्हणजे २५ टक्के. सावत्र भावंडांत तीन, म्हणून १२.५. चुलत भावंडांत आजा आणि आजी अशा दोन वाटा, प्रत्येकीवर पाच जनावरं, बेरीज ६.२५ टक्के. घरच्या पैदाशीत याच्यावर जाऊ नये, असं आमचं मत.

धोका दडलेल्या दोषांचा. घोडा दिसायला धडधाकट, पण एखाद्या दोषाचा वाहक असला, तर तो दोष साधारण निम्म्या मुलींत उतरतो. तशी मुलगी पुन्हा बापाकडून भरवली, की दर शिंगरामागे बाधित निघण्याची शक्यता चारात एक. अरबी घोड्यांत असाच एक दोष आहे : शिंगरू प्रतिकारशक्तीशिवाय जन्मतं आणि साधारण पाच महिन्यांच्या आत दगावतं. नेदरलँड्सच्या फ्रीजियन जातीत १९१३ साली नोंदणीतले तीनच घोडे उरले होते. बुटकेपणा आणि डोक्यात पाणी साठणं हे दोष तिथल्या शिंगरांत आजही निघतात.

तुमच्या तबेल्यात नऊ घोड्या असल्या तरी एकाच घोड्यामुळे वंशाच्या दृष्टीने कळप जेमतेम ३.६ जनावरांचा ठरतो. सूत्र सोपं : घोडे गुणिले घोड्या गुणिले ४, भागिले एकूण जनावरं. त्याच नऊ घोड्यांना आळीपाळीने तीन घोडे लावले तर आकडा ९ होतो. म्हणून खर्च करायचाच तर घोड्यावर करा. आणखी एक : नर शिंगरं वर्षाची व्हायच्या आत वेगळी बांधा, भाऊ-बहिणीचं शिंगरू बहुधा इथल्याच दुर्लक्षातून येतं.

उलटलेल्या घोड्यांचं कारण मात्र वेगळं दिसतं. त्या या घोड्याच्या नात्यातल्या नसतील, तर पोटातलं शिंगरू इनब्रेड नसतंच. गर्भाशयाचा दाह, चुकलेला माज, घोड्याच्या वीर्याचा दर्जा, हे आधी पाहा. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. पुढच्या वेळी भरवल्यावर साधारण पंधराव्या-सोळाव्या दिवशी सोनोग्राफी करून घ्या, म्हणजे घोडी फळलीच नाही की गर्भ नंतर गेला, ते कळेल.

प्रश्न : सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा आणायचाय. तो आमच्या घोड्यांच्या नात्यातला नाही, हे कसं ओळखायचं? — काटोल

उत्तर : रंगावरून, कानांच्या टोकावरून किंवा केसांच्या भोवऱ्यावरून नातं कळत नाही. उलट देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) हवा, अमुक भोवरा नको, म्हणून चांगले घोडे बाद होतात आणि सगळ्यांच्या घोड्या त्याच चार-दोन नामांकित घोड्यांकडे जातात. नोंदणीचे कागद, चिपचा नंबर आणि तीन पिढ्यांची नावं मागा. घरच्या घोड्यांच्या वंशावळीशी एकेक नाव ताडून पाहा. कागद नसतील तर डीएनए तपासणी. आयाळीचे वीस-तीस केस मुळासकट उपटायचे (कापलेले चालत नाहीत), कोरड्या कागदी पाकिटात ठेवायचे, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, ओल धरते. आईबापांचेही नमुने असतील तर यातून आईबाप पक्के ठरतात. लांबचं नातं मात्र अंदाजानेच.

पैसे देण्याआधी ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्या. हा रोग माणसालाही होतो. घोडा आणल्यावरही तीन आठवडे वेगळा बांधा.

प्रश्न : बाजारात आवडलेला घोडा स्वतःच इनब्रेड निघाला तर? — काटोल, तेच वाचक

उत्तर : घोडी नात्याबाहेरची असेल तर शिंगराचा आकडा शून्य. बाप कितीही इनब्रेड असो, शिंगरासाठी आईबापांचं आपसातलं नातं तेवढं मोजलं जातं. फक्त त्याचं वीर्य आधी तपासून घ्या.