स्किन कलरचा खडू

प्रश्न : चार वर्षांची नात आरशात पाहून म्हणते, "आजी, मी काळी, म्हणून मी छान नाही." घरात तिला असं कोणीच म्हटलेलं नाही. मग हे आलं कुठून? (एक आजी, घाटंजी)

आजी, तिला कोणी म्हटलं नसेल, पण तिच्या कानावर पडलं असणार. माझी मावशी शेजारच्या पोरीबद्दल म्हणायची, "सावळी हाय, पण नाकीडोळी नीटस." त्या 'पण'नेच मला गोरं-काळं शिकवलं. बारशाला "रंग कोणावर गेला?", कापूस वेचणीत "उन्हात नको जाऊ, काळी पडशील", स्थळ आलं की "गोरीपान". पोर हे सगळं जोडत जातं. १९४० च्या सुमारास अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दाम्पत्याने ३ ते ७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. फरक फक्त रंगाचा. बहुतेकांनी गोरी बाहुली 'छान' ठरवली. मग "तुझ्यासारखी कोणती?" विचारल्यावर काही लेकरं रडत उठून गेली. हे वाचताना आजही माझा घसा दाटतो.

नातीला "तू गोरीच आहेस" असं खोटं सांगू नका. "काळी आहेस आणि छान आहेस" म्हणा. पाहुण्यांसमोरही म्हणा.

प्रश्न : हिवाळ्यात स्वेटर विकायला येणारे तिबेटी मला सगळे सारखेच दिसतात. हा माझा भेदभाव आहे का? (विद्यार्थी, देसाईगंज)

नाही, ही डोळ्याची सवय आहे. नवजात बाळ सगळ्या वंशांच्या चेहऱ्यांकडे सारखंच पाहतं. तीन महिन्यांचं झालं की ते भोवतालच्या माणसांसारख्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ पाहतं. नऊ महिन्यांपर्यंत इतर वंशांचे चेहरे वेगवेगळे ओळखणं त्याला जड जाऊ लागतं. पण ही सवय बदलते. लहानपणी युरोपीय कुटुंबांत दत्तक गेलेले कोरियन मोठेपणी युरोपीय चेहरेच जास्त चांगले ओळखत होते. तुमच्यापासून जवळच, गोठणगावला, तिबेटी वसाहत आहे. जा, चार माणसांशी बोला, नावं लक्षात ठेवा. चेहरे आपोआप सुटे होतील. मात्र "ए चिनी" अशी हाक मारणं ही डोळ्याची सवय नव्हे, तो अपमान आहे.

प्रश्न : नाकावरून माणसाचा वंश, जात कळते म्हणतात. खरं का? (शेतकरी, पुसद)

खोटं. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून जातींची उतरंड लावली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये असल्याच मापांवरून दाखवलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे ठरतच नाहीत.

प्रश्न : वर्गात रंगाबद्दल बोलूच नये का? (शिक्षिका, धारणी)

बोलाच, ताई. गप्प राहिलात तर पोरं बाहेर ऐकलेलंच खरं धरतात. तुमची कोरकू मुलं फिक्या गुलाबी खडूला 'स्किन कलर' म्हणत असतील, तर प्रत्येकाला आपला हात कागदावर ठेवून गिरवू द्या. मग त्यात स्वतःचा रंग भरायला सांगा. तपकिरी, पिवळा, थोडा काळा मिसळावा लागेल. वेळ लागू द्या.