वाचकांचे प्रश्न : क्षमा मिळाली, पण सवय सुटत नाही

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या तोंडावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. नावं अर्थातच वगळली आहेत.

प्रश्न : शेवटचं कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापनिवेदन, लग्नाच्या आधी केलं, त्याला १४ वर्षं झाली. आता जावंसं वाटतं, पण सुरुवात कशी करतात तेच विसरलो. शिवाय आमचे फादर ओळखीचे आहेत.

उत्तर : विसरलात हेच फादरांना सांगा, पुढचं ते विचारत जातील. मिस्साआधीच्या, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेआधीच्या, रांगेत मात्र उभे राहू नका. १४ वर्षांचं निवेदन तिथे घाईत उरकलं जातं. वेगळी वेळ मागून घ्या. ओळखीच्या फादरांचा संकोच वाटत असेल तर दुसऱ्या धर्मग्रामात (दुसऱ्या चर्चच्या हद्दीत) जाण्याची पूर्ण मोकळीक आहे.

आदल्या दिवशी वीसेक मिनिटं शांत बसा आणि दहा आज्ञा एकेक करून समोर ठेवा. गंभीर पाप ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर, ती गंभीर असल्याची पूर्ण जाणीव आणि तरीही मनापासून दिलेली संमती. अशी पापं प्रकार आणि अंदाजे संख्या सांगून निवेदन करायची असतात. ‘मी फार वाईट वागलो’ यातून काहीच कळत नाही. ‘सुमारे दोन वर्षं परस्त्रीशी संबंध होते’ एवढं पुरतं. तिचं नाव किंवा तपशील नकोत. बायकोच्या, सासूच्या चुका तर मुळीच नकोत. निवेदन भरकटतं ते बहुधा याच ठिकाणी.

आत गेल्यावर क्रूसाची खूण करा, मागच्या निवेदनाला किती वर्षं झाली ते सांगा आणि पापं सांगा. मग फादर सांगतील ते प्रायश्चित्त ऐका, पश्चात्तापाची प्रार्थना म्हणा, क्षमादान घ्या. प्रार्थना पाठ नसेल तर आपल्या शब्दांत म्हणा. दिलेलं प्रायश्चित्त शक्यतो त्याच दिवशी पूर्ण करा, नाहीतर ते राहून जातं. एखादं पाप खरोखर विसरलात तरी क्षमा झालेलीच असते, पुढच्या वेळी आठवलं तर सांगा. पण गंभीर पाप जाणूनबुजून लपवलंत तर ते निवेदनच ग्राह्य होत नाही. आणि ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, कोर्टातसुद्धा. हा गुप्ततेचा नियम मोडणाऱ्या धर्मगुरूला चर्चच्या संस्कारांपासून बहिष्काराची शिक्षा आहे.

प्रश्न : रात्री मोबाइलवर नको ते पाहण्याची सवय आहे. दर महिन्याला कबूल करतो, आठवड्यात पुन्हा तेच. माझा पश्चात्ताप खोटा आहे का?

उत्तर : नाही. क्षमा आणि सवयीतून सुटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही दुसरीवरून पहिलीची परीक्षा घेता आहात. क्षमा ख्रिस्ताच्या क्रूसामुळे फुकट मिळते, आणि त्याच क्षणी पूर्ण मिळते. सवय मात्र हळूहळू जडलेली असते. संत ऑगस्टीन यांनी तिची साखळी मांडली आहे: वाकडी इच्छा, तिच्यातून वासना, वासनेचे लाड केले की सवय, आणि सवयीला विरोध केला नाही की ती गरज होऊन बसते. ही साखळी मागच्या टोकाने सोडवावी लागते. ‘पुन्हा करणार नाही’ हा आजचा खरा निश्चय हवा. पुढे कधीच पडणार नाही याची हमी कुणी मागत नाही.

पाप घडतं त्याच्या तासभर आधी काय होतं, ते दोन आठवडे टिपून ठेवा. बहुतेकदा तीच वेळ, तीच खोली, तोच एकटेपणा किंवा भांडणानंतरचा राग निघतो. तो प्रसंग तोडा. मोबाइल रात्री दहाला स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा, गजराला साधं घड्याळ आणा. नुसत्या मनोबळावर विसंबून मोबाइल उशाशी ठेवणारे हरतात, कारण थकलेल्या रात्री मनोबळ सर्वांत कमी असतं. दर वेळी नवे फादर शोधू नका. एकाच फादरांकडे पंधरा दिवसांनी जा, म्हणजे त्यांना तुमची वाटचाल दिसेल.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते पडल्यानंतर. ‘आता बिघडलंच आहे, शनिवारी कबूल करूच’ असं म्हणून माणूस मधले चार दिवस पापाला बहाल करतो. त्याऐवजी त्याच घटकेला उठा, एका वाक्यात क्षमा मागा, बायबलमधलं ५१वं, पश्चात्तापाचं स्तोत्र वाचा आणि झोपा. पापनिवेदनाचा संस्कार नंतर घ्यालच. तरीही हाताबाहेर जात असेल तर समुपदेशकाकडे जरूर जा. व्यसनाच्या उपचारांची जागा पापनिवेदन घेत नाही, आणि उपचार घेणं हा विश्वासाचा कमीपणा नाही.

प्रश्न : मालकाच्या गल्ल्यातून काही वर्षं पैसे काढले. कबूल केलं. तेवढी रक्कम चर्चला दिली तर चालेल?

उत्तर : नाही. पैसे मालकाचे आहेत, ते मालकालाच जायला हवेत. क्षमादानाने पाप जातं, पण झालेलं नुकसान भरून निघत नाही. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने चौपट परत करण्याचा शब्द दिला. तुमच्यावर निदान मूळ रकमेचं बंधन आहे. स्वतःला उघड करायलाच हवं असं नाही, फादरांमार्फत निनावी पाठवता येते. एकदम जमत नसेल तर हप्त्याने द्या. मालक हयात नसतील तर वारसांना द्या. कुणीच सापडत नसेल तेव्हा गरिबांना.

प्रश्न : कबूल केलेलं पाप नीट सांगितलं की नाही, या शंकेने मी तेच पुन्हा पुन्हा सांगते.

उत्तर : ताई, ते आता सांगू नका. संत इग्नेशियस लोयोला १५२२ साली स्पेनमधल्या मॅनरेसा इथे याच छळातून गेले, आणि जुनी पापं पुन्हा सांगणं थांबवल्यावरच त्यातून सुटले. एकच फादर निवडा आणि ‘हे पुन्हा सांगायचं नाही’ असं ते म्हणाले की तेवढं पाळा, मन कितीही टोचलं तरी. हात वारंवार धुणं, कुलूप परत परत तपासणं असंही होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवा.